मॅडमची गाडी पळताना तापते

आमच्या घरमालकीणबाई रागावल्या की शुद्ध मराठी बोलायच्या. एरवी त्यांची वऱ्हाडी अशी गडद, की माझ्यासारख्या साताऱ्याकडच्या मुलीला सुरुवातीला निम्मं बोलणं अंदाजानं घ्यावं लागलं. पण एकदा दारात आलेल्या दूधवाल्याला त्या म्हणाल्या, "आपण दुधात पाणी मिसळता, हे मला मुळीच मान्य नाही," आणि तो दांडगा माणूस हातात कॅन धरून मागं सरकला. गल्लीत लहानथोरांना ठाऊक होतं. मॅडम 'मले' म्हणाल्या तर बसा, चहा येईल. 'मला' म्हणाल्या तर निघा.

मॅडम त्यांना सगळेच म्हणायचे. उभी नोकरी मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवण्यात गेलेली, आधी पुसदला, मग यवतमाळला. भाजीवाली त्यांची विद्यार्थिनी, दवाखान्यातली नर्स त्यांची विद्यार्थिनी, तहसील कचेरीतली खिडकीमागची बाईही त्यांचीच. त्यांचे यजमानसुद्धा त्यांना मॅडमच म्हणत. काका कोर्टातून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. "लग्नानंतर काही दिवस नावानं हाक मारून पाह्यली," ते मला एकदा म्हणाले, "पण वळूनच पाहत नव्हत्या."

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत लागले आणि यवतमाळला आले, तेव्हा त्यांच्या घराची वरची खोली बघायला गेले होते. मॅडम अंगणात मिक्सर उघडून बसलेल्या. अंगात गाऊन, त्यावर शाळेतला पांढरा एप्रन, एप्रनवर कुठल्याशा वर्गानं भरून दिलेली गुलाबी फुलं. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. त्यांनी वर न बघता माझ्या तळहातावर तीन स्क्रू ठेवले. "धर. हरवू नको." मी मूठ मिटून उभी राहिले. मिक्सर घरघरला तेव्हाच त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "सामान कधी आणतं?"

बंद पडलेली वस्तू बाहेर दुरुस्तीला पाठवणं त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. आता खरं सांगायचं तर त्यांनी दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूत काहीतरी बारीकसा फरक राहून जायचा. त्या दिवसानंतर मिक्सर लावला की दारावरची बेल वाजायची. रोज सकाळी चटणीच्या वेळेला काका उठून दार उघडायचे, बाहेर कोणी नाही हे पाहायचे आणि परत येऊन पेपर उचलायचे. मी एकदा विचारलं, "काका, माहीत असून का उठता?" ते म्हणाले, "एखाद्या दिवशी कोणी खरंच आलं असलं तं?"

गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली. पांढरी, छोटी, आधी कुणी तरी वापरलेली. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. मॅडमनी गाडी शिकवणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं, "ब्रेक कुठं आहे ते मंग सांगजो. आधी झाकण उघड." इंजिनाचा कुठला भाग काय करतो हे कळल्याशिवाय त्यांनी चावीला हात लावला नाही. काकांना मात्र गाडीची मनस्वी भीती. शेजारच्या सीटवर बसून ते डोळे गच्च मिटून रामरक्षा म्हणायचे. पण मॅडम जिथं जातील तिथं जायचेच. एकदाही घरी थांबले नाहीत.

मॅडमचा एक प्रश्न होता. तो मी पहिल्यांदा ऐकला कळंबच्या रस्त्यावर.

मे महिना होता. आम्ही तिघं कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो. परत येताना यवतमाळकडचा चढ लागला आणि मॅडम एकदम म्हणाल्या, "काटा चढून राह्यला." समोरच्या तबकडीतला तापमानाचा काटा लाल रेघेकडं निघाला होता. मला वाटलं त्या गाडी थांबवतील. त्यांनी एसी बंद केला, चारी काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण लावला. बाहेर आगीसारखी लू, आत पायांवर हीटरचा झोत. काकांनी रामरक्षा मध्येच थांबवली. "मॅडम, हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

"इंजिनाची गरमी आत ओढून राह्यली. त्याले कमी, आपल्याले जास्त. सोसा जरा."

काटा रेघेच्या अलीकडं अडला. तेवढ्या अवधीत त्यांनी एका लिंबाच्या झाडाखाली गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं, आतून वाफ. एक मोटारसायकलवाला भला माणूस थांबला. त्यानं गमछा हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला गेला. मॅडमनी त्याच्या मनगटावर चापटी मारली.

"घरी कुकरची वाफ जिराच्या आधी झाकण उघडतं का?"

"नाई जी."

"मंग इथं काहून उघडतं? उकळतं पाणी तोंडावर येईन. अन् वरून थंड पाणी बी टाकाचं नाई, इंजिन तडकते. बस, चिवडा खाय."

तो बसला. आम्ही चौघांनी झाडाखाली चिवडा खाल्ला. झाकणाला हात टेकवता येऊ लागला, तेव्हा त्यांनी ते जाड फडक्यानं हळू फिरवलं, बाटल्यांतलं पाणी घातलं, आणि मग तो प्रश्न आला. गाडीकडं पाहत, स्वतःशीच.

"उभ्यानं तापते का पळताना तापते?"

घरी येईपर्यंत त्यांनी मला समजावलं. गाडी जागेवर उभी असताना तापली तर संशय पंख्यावर घ्यायचा, कारण उभ्या गाडीला वारा पंखाच देतो. पळताना तापली तर पंख्याचा दोष नाही. तेव्हा पाणी नीट फिरत नसेल नाही तर त्याची उष्णता बाहेर पडत नसेल. "डॉक्टर नाई का विचारत, जेवल्यावर दुखते का उपाशीपोटी? तसंच."

हा प्रश्न त्या माणसांनाही लावायच्या. त्याच वर्षी मला नोकरी सोडून घरी परत जावंसं फार वाटत होतं. मी जिन्यात रडत बसलेली त्यांनी पाहिली. जवळ बसल्या नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाही. खालच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "उभ्यानं तापतं का पळताना?" मी विचार केला. कामावर असताना मला काहीच व्हायचं नाही. रविवारी खोलीत बसलं की व्हायचं. "उभ्यानं," मी म्हटलं. "मंग नोकरी कायले सोडतं? रविवारचं पाहू." पुढच्या रविवारी त्यांनी मला गाडीच्या चालकाच्या सीटवर बसवलं, आणि मागच्या सीटवर काकांनी रामरक्षा सुरू केली.

तर गाडी. कळंबनंतर काही दिवसांनी ती दारव्हा रोडवर पुन्हा तापली, आणि या वेळी गावातल्या लोकांसमोर वाफा सोडून थांबली. गॅरेजवाले भाऊ लग्नसराईच्या गर्दीत होते. त्यांनी गाडी उभ्या उभ्या सुरू करून पाहिली, पाणी कमी होतंय पण खाली गळत नाही हे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हेड गॅस्केट गेलं असन. इंजिन खोला लागन." हे वाक्य काकांच्या तोंडून फोनवर नागपूरच्या लेकीला कळलं, आणि खरा पेच तिथं सुरू झाला.

पेच गाडीचा नव्हताच. मॅडमची मोठी बहीण पुसदला असायची. आम्ही त्यांना मोठ्या मावशी म्हणायचो. ऐंशीच्या घरातल्या, कंबरेचं ऑपरेशन झालेल्या, काठी घेऊन चालणाऱ्या. त्यांच्या मुलाची बदली हैदराबादला झाली होती. मावशी म्हणाल्या, मी परमुलखात येणार नाही. मग अमरावतीकडच्या एका वृद्धाश्रमात त्यांची व्यवस्था ठरत होती. मॅडमनी सांगून टाकलं होतं, "ताई माह्या घरी राहीन." लेक आणि जावई दोघंही काळजीपोटीच विरोध करत होते. मॅडमचं वय, काकांचं वय, त्यात आणखी एक म्हातारं माणूस. दवाखाने, पथ्यं, पडणं, झडणं. कोण करणार?

फोन स्पीकरवर होता. मी भाडं द्यायला खाली आले होते, तशीच दारात उभी राहिले.

"आई, तुझ्यानं एक गाडी सांभाळणं होऊन नाही राह्यलं," लेक म्हणाली. "मावशीला काय सांभाळशील तू?"

मॅडमनी नाकावरचा चष्मा काढून कपाळावर चढवला. कपाळावर आता दोन चष्मे होते.

"येत्या रविवारी मी पुसदला जाणार आहे," त्या म्हणाल्या. एकेक शब्द सुटा, कडक, शाळेतल्या श्रुतलेखनासारखा. "माझ्या गाडीने. आणि ताईला घेऊन येणार आहे."

पलीकडून जावई बोलले. शांत माणूस. "आई, भर मे महिना आहे. गाडी पुसदला जाऊन न तापता परत आली, तर मी एक शब्द बोलणार नाही. मावशी तुमच्याकडं. पण तापली, तर गाडी विकायची आणि मावशींचं ठरलंय तसं होऊ द्यायचं. कबूल?"

"कबूल आहे."

फोन बंद झाल्यावर काका म्हणाले, "मॅडम, भाड्याची गाडी करून ताईले आणता आली असती."

"आणता आली असती. पण मंग ताई आली असती, अन् माही गोष्ट खोटी राह्यली असती." मग त्या माझ्याकडं वळल्या. "रिकामी आहेस ना? एप्रन घाल."

मॅडमची पद्धत ठरलेली होती. आधी डोळे, मग कान, मग हात, आणि पाना सगळ्यात शेवटी. पहिला दिवस आम्ही नुसतं पाहिलं. गॅरेजवाल्या भाऊंनी सांगितलेला रोग खरा की खोटा हे आधी ठरवायचं होतं. त्यांनी इंजिनातलं तेल पाहायची पट्टी ओढून पांढऱ्या कापडावर पुसली. "पाणी अन् तेल अलग ठेवते ते गॅस्केट, ते फाटलं असतं तं पाणी तेलात गेलं असतं. तेल ताकावानी दिसलं असतं. पाह्य, कसं आहे?" तेल काळपट, पण स्वच्छ होतं. मग थंड गाडीचं झाकण काढून गाडी सुरू केली आणि आम्ही दोघी रेडिएटरच्या तोंडात वाकून पाहत राहिलो. गॅसचे बुडबुडे आले असते तर दोष पक्का. एकही आला नाही. मागं काका धुराच्या नळीपाशी खुर्ची टाकून बसले होते. "पांढरा धूर?" मॅडमनी ओरडून विचारलं. "नाई," काका ओरडले. "साधाच येऊन राह्यला. खोकला येऊन राह्यला!"

"गॅस्केट निर्दोष," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी कुठल्या लग्नात वरमाईच्याही चेहऱ्यावर पाहिला नाही.

मग पंखा. गाडी अंगणात चालू ठेवली. काटा मध्यावर आला, थोडा वर सरकला, आणि पंखा घर्र करून फिरायला लागला. काटा परत जागेवर. "उभ्यानं नाई तापत," त्या म्हणाल्या. "पळताना तापते." मग पाणी जातं कुठं? त्यांनी रेडिएटरचं झाकण उलटं करून त्याची रबरी चकती नखानं दाबली. ती वाळक्या पोळीसारखी मोडली. "कुकरची रिंग गेली की काय होते? वाफ बाजूनं निघते अन् पाणी आटते. पाणी कमी होते त्याचं उत्तर हे. पण तापते काहून, ते अजून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी थर्मोस्टॅट काढला. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधला हा छोटा पितळी दरवाजा. पाणी पुरेसं तापलं की त्यानं उघडायचं आणि पाण्याला थंड व्हायला रेडिएटरकडं जाऊ द्यायचं. तो काढायच्या आधी गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी, एका घमेल्यात उतरवलं. त्यावर मॅडमनी लगेच परात झाकून वर दगड ठेवला. "गोड लागते ते. मांजर चाटन अन् मरन." गल्लीतली मांजरं तशी त्यांना आवडत नसत, पण तो दगड त्यांनी दोनदा तपासला.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरात झाली. गॅसवर चहाचं पातेलं, पातेल्यात पाणी, आडव्या लाटण्याला दोरा बांधून थर्मोस्टॅट पाण्यात लोंबकळत सोडलेला, तळाला टेकू न देता. शेजारी शाळेतला जॅम करायचा थर्मामीटर. दुसऱ्या शेगडीवर तुरीचं वरण शिजत होतं. काका दारात येऊन म्हणाले, "ते चहाचं पातेलं आहे ना?"

"होतं," मॅडम म्हणाल्या.

पारा चढत गेला. थर्मोस्टॅटवर ब्याऐंशीचा आकडा कोरलेला होता. ब्याऐंशी आलं, गेलं. दरवाजा बंद. नव्वद. बंद. पाण्याला आधण आलं, वाफेनं चष्मे धुरकटले, तेव्हा कुठं त्याची नखभर फट पडली आणि तिथंच अडकली. मॅडमनी माझ्या दंडाला एवढ्या जोरात धरलं की वळ उठला.

"सापडला! हा दरवान झोपून राह्यला होता!"

गॅरेजवाल्या भाऊंकडून नवा थर्मोस्टॅट आणि नवं झाकण आणलं. मॅडमनी सगळं जोडलं, कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून आणि हीटर लावून गाडी चालू ठेवली. आत अडकलेली हवा गुबुक गुबुक करत बाहेर आली. "उचकी थांबू दे," त्या म्हणाल्या. उचकी थांबली. शुक्रवारी दुपारी आम्ही नेरच्या रस्त्याला गाडी पळवून पाहायला गेलो. छान गेली. परत येताना एका चढाच्या माथ्यावर काटा हलला. वर. अजून वर.

मॅडमनी गाडी बाजूला घेतली आणि रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसल्या. ऊन अंगाला चावत होतं. परवा रविवार होता. त्यांनी एप्रनचं टोक हातात घेतलं आणि त्यावरच्या फुलाचा धागा उसवत बसल्या.

"माहं चुकलं का हो?" त्यांनी काकांना विचारलं. प्रश्न विचारतानाही त्यांनी वर पाहिलं नाही.

काका गाडीतून उतरले. आयुष्यात बॉनेटच्या आत न पाहिलेला हा माणूस जरा वेळ काट्याकडं, जरा वेळ रस्त्याकडं पाहत राहिला. कोर्टातली कागदपत्रं वाचून आयुष्य गेलेलं. पुरावा कसा पाहायचा हे त्यांना येत होतं.

"चुकलं नाई, मॅडम. अर्धं झालं. कळंबच्या रस्त्यानं चढ लागल्याबरोबर तापली होती. आज पूर्ण चढ चढून वर आली, मंग तापली. म्हणजे रोग दोन होते. एक गेला."

मॅडमनी मान वर केली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मी उगाच शेताकडं तोंड फिरवलं.

शनिवारी सकाळी मी खाली आले तर काका बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकले होते, हातात टॉर्च. मॅडम समोर बसून रेडिएटरची पुढची जाळी न्याहाळत होत्या. जाळी स्वच्छ होती. पण पुढं दिसते ती जाळी एसीची असते. रेडिएटर तिच्या मागं, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर फट. काका वरून त्या फटीत टॉर्च मारत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "इथं कोणी रजई भरून ठेवली?"

मॅडम उठल्या. वाकल्या. मी पण वाकले. फटीत काळपट, जाड, घट्ट थर होता. मॅडमनी विणायची सुई घालून एक पुंजका ओढून काढला, बोटांत चोळला, फुंकर मारली. काळ्या धुळीखालून पांढरे तंतू निघाले.

"कापूस!"

दर हिवाळ्यात त्या कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्यांमागून जायच्या यायच्या. उडालेला एकेक तंतू त्या फटीत जाऊन बसला होता, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा कापूस. पळत्या गाडीला समोरून कितीही वारा लागो, रेडिएटरला तो मिळतच नव्हता. त्याला भर मे महिन्यात रजई पांघरलेली होती.

दुपारपर्यंत आम्ही ती उकरत होतो. मॅडम इंजिनाच्या बाजूनं हलक्या धारेनं पाणी मारत होत्या, जोरात मारलं तर पातळ पत्रे वाकतात म्हणून. मी जुन्या टूथब्रशनं, आणि काका त्यांच्या कोर्टाच्या कोटाच्या ब्रशनं. निघालेला कापूस काकांनी सुपात गोळा केला. एक उशी भरली असती. गॅरेजवाले भाऊ बातमी ऐकून आले, सूप पाहिलं आणि खो खो हसले. "मॅडम, गर्दीत मी पळवून पाह्यलीच नाई. आता उद्या बिनधास्त जा. वाटेत काही झालं तं फोन करा, मी स्वतः येतो."

रविवारी पहाटेच निघालो. मी मागं. काका पुढं, पण त्या दिवशी त्यांच्याकडं काम होतं. मॅडमनी त्यांना काट्यावर नेमलं होतं. दारव्हा आलं. "मध्यात," काका म्हणाले. दिग्रस आलं. "मध्यात." ऊन चढायच्या आत आम्ही पुसदला पोचलो. मोठ्या मावशी ट्रंक, पितळी तांब्या आणि वळकटी घेऊन ओट्यावर तयार बसल्या होत्या. "उशीर काहून केला?" एवढंच म्हणाल्या आणि मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. त्या मुलाचे डोळे भरले होते. मॅडमनी त्याच्या गालाला हात लावला. "येत जाय. अमरावतीपेक्षा यवतमाळ जवळ आहे तुले."

जेवणं होऊन निघेपर्यंत दुपार झाली. हीच खरी परीक्षा. चार माणसं, ट्रंक, एसी चालू, कारण मावशींना गरम सहन होत नव्हतं. आणि पुसद सोडून चढाला लागलो तर समोर कुटारानं, म्हणजे जनावरांच्या भुशानं, ओथंबलेला ट्रॅक्टर. दोन्ही बाजूंनी इतका फुगलेला की पुढं काढता येईना. पहिल्या गिअरमध्ये, चालल्या-न चालल्यासारखे, आम्ही त्याच्या मागं चढत राहिलो. कुटाराची तुसं काचेवर येऊन आपटत होती.

"अहो, काटा?" मॅडमनी विचारलं.

"मध्यात... नाई, थोडा वर."

"किती वर?"

"केसभर. दोन केस."

मॅडमची नजर एसीच्या बटणावर गेली. एसी बंद करता आला असता. त्यांनी आरशातून मावशींकडं पाहिलं. मावशींनी डोळे मिटले होते, कपाळावर घामाचा थेंब नव्हता. मॅडमनी एसीला हात लावला नाही. गाडीच्या पोटातून घर्र आवाज आला. पंखा लागला. मी काकांच्या खांद्यावरून पाहत होते. काटा थांबला. थरथरला. आणि हळूहळू, जणू लाजून, खाली आला.

"मध्यात!" काका ओरडले. "मॅडम, मध्यात! ठाण मांडून बसला!"

ट्रॅक्टरवाल्यानं माथ्यावर बाजू दिली. मॅडमनी हॉर्न वाजवला. एकदा गरजेपुरता, आणि मग चारपाच वेळा नुसताच. तिथून यवतमाळपर्यंत मावशींनी सहा ठिकाणी गाडी थांबवायला लावली, पाणी प्यायला, पाय मोकळे करायला, एकदा गुलमोहर पाहायला. आणि मॅडम प्रत्येक वेळी थांबल्या. दारव्ह्याच्या पुढं काका म्हणाले, "आज रामरक्षा राह्यलीच." आणि खिडकीबाहेर पाहू लागले, जणू हा रस्ता त्यांना आज कुणी पहिल्यांदा दाखवत होतं.

घरासमोर नागपूरची गाडी उभी होती. लेक आणि जावई फाटकात. मॅडमनी गाडी सरळ अंगणात घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. उतरल्या, पदर खोचला आणि जावयांना म्हणाल्या, "या. बसून पाहा."

जावई त्यांच्या सीटवर बसले. आम्ही सगळे दाराभोवती उभे. उन्हानं तापलेल्या अंगणात गाडी चालू, एसी चालू. पंखा लागला, थांबला, पुन्हा लागला. काटा जागचा हलला नाही. लेकीनं काकांकडं पाहिलं, काकांनी मान ताठ केली. बऱ्याच वेळानं जावयांनी तबकडीवरून नजर काढली आणि हसून दोन्ही हात वर करत उतरले.

"पटलं, आई. मावशींचं सामान कुठल्या खोलीत ठेवू?"

लेक खाली पाहत होती. मग तिनं पुढं येऊन आईला मिठी मारली, प्रवासाची धूळ, घाम, सगळ्यासकट. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या खांद्यावरून मला बजावलं, "आता बंद कर गाडी."

मी चावीकडं हात नेला, तोच मागच्या सीटवरून काठी ठोकल्याचा आवाज आला.

"बंद कायले करता?" मोठ्या मावशी म्हणाल्या. पाय पसरून, तांब्या मांडीवर घेऊन त्या निवांत बसल्या होत्या. "घरात भट्टी असन. अख्ख्या गावात इथंच थंड आहे. माहा चहा इथंच आणा."

मॅडमनी आधी बहिणीकडं पाहिलं, मग गाडीकडं. मग मागचं दार उघडून त्या तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि दार लावून घेतलं. काका चहा टाकायला आत पळाले.